गालावरची गाठ मर्केल सेल कार्सिनोमा निघाली : सासऱ्यांच्या उपचारांबद्दल विचारणाऱ्या सूनबाईंना उत्तर

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. उत्तर इतरांच्याही उपयोगी पडावे म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो. आपले सासरे ७१ वर्षांचे आहेत. इंदूरची कापड गिरणी बंद पडल्यावर त्यांनी वीसेक वर्षे सायकलवर हिंडून विम्याचे हप्ते गोळा केले. डाव्या गालावर आलेली लालसर, अजिबात न दुखणारी गाठ दोन महिन्यांत वाटाण्याची बोराएवढी झाली. जवळच्या सर्जननी चरबीची गाठ समजून ती काढली, पण रिवाजाप्रमाणे तपासायला पाठवली, आणि अहवालात ‘मर्केल सेल कार्सिनोमा’, म्हणजे त्वचेचा एक विरळा कर्करोग, असे आले. काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत रोगाच्या पेशी आहेत, असेही त्यात लिहिले आहे. आपण विचारता की हा रोग विषाणूमुळे होतो असे वाचले, तर घरातल्या नातवंडांना धोका आहे का; विषाणूची तपासणी करून घ्यावी का; केमो बरी की इम्युनोथेरपी; आणि मुंबईला जावे की इंदुरातच उपचार घ्यावेत. शेवटी आपण जाता जाता एक वाक्य लिहिले आहे : ‘जखम कोरडी झाली आहे, बाबांना काही त्रास नाही, त्यामुळे पुढचे सगळे दिवाळीनंतर करावे असे घरात ठरत आहे.’

माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हे शेवटचेच आहे. विषाणू होता की नव्हता, औषध कोणते, या गोष्टींचा निकाल पुढे लागेल. पण रोग या घडीला गालापुरता आहे की मानेपर्यंत गेला आहे, हे ठरवण्याचे काम दिवाळीपर्यंत थांबणारे नाही. त्वचेच्या बहुतेक कर्करोगांत महिना-दीड महिना इकडेतिकडे झाला तर फारसे बिघडत नाही. मर्केलच्या बाबतीत मी तसे म्हणणार नाही. मी गेली २६ वर्षे इंदुरात कर्करोगाचे रुग्ण पाहतो आहे, आणि या रोगाचे रुग्ण दोन्ही हातांच्या बोटांवर मोजावेत इतकेच पाहिले आहेत. त्यांतल्या ज्यांची गोष्ट वाईट झाली, त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात ‘दुखत तर नाही ना’ याच वाक्याने झाली होती.

आपल्या सर्जनवर रागावू नये. ही गाठ पाहून मर्केलचे नाव मनात येणे जवळजवळ अशक्य असते. गोऱ्या कातडीच्या लोकांत, उतारवयात, उन्हात राहणाऱ्या चेहऱ्यावर, मानेवर किंवा हातांवर ती जास्त दिसते. आपल्याकडे ती फारच विरळा. २००८ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी तिची पाच लक्षणे एकत्र मांडली : न दुखणारी, झपाट्याने वाढणारी, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत, पन्नाशीच्या पुढे आणि उन्हाच्या जागी. त्यांनी पाहिलेल्या रुग्णांपैकी ८९ टक्क्यांत यांतली तीन किंवा अधिक लक्षणे होती. आपल्या सासऱ्यांत चार तर उघड दिसतात. त्यांनी गाठ फेकून न देता तपासायला पाठवली, हे त्या सर्जननी केलेले सर्वांत मोठे काम आहे.

पहिले पाऊल म्हणजे निदान पक्के करणे. सूक्ष्मदर्शकाखाली हा रोग लहान, गोल, निळ्या पेशींचा दिसतो, आणि तशा दिसणाऱ्या रोगांची यादी लांब आहे : फुप्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगाची त्वचेवर आलेली गाठ, लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग), कधी मेलानोमा (त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग). त्यामुळे नुसत्या नेहमीच्या स्लाइडवर विसंबून चालत नाही, विशेष रंगद्रव्यांच्या तपासण्या लागतात. मर्केलमध्ये सीके-२० हे प्रथिन पेशीच्या केंद्रकाशेजारी ठिपक्यासारखे रंगते, सिनॅप्टोफायसिनसारखी मज्जा-अंतःस्रावी खूण दिसते आणि टीटीएफ-१ बहुधा रंगत नाही. फुप्फुसाच्या रोगात टीटीएफ-१ बहुधा रंगते आणि सीके-२० रंगत नाही. आपण पाठवलेल्या अहवालात सीके-२० आहे, पण टीटीएफ-१ चा उल्लेख मला दिसला नाही. प्रयोगशाळेकडून मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा, मागून घ्या. तो आपल्या हक्काचा असतो, आणि ‘नंतर या’ असे उत्तर मिळाले तर तिथेच उभे राहावे. तो ब्लॉक अनुभवी पॅथॉलॉजिस्टकडे दुसऱ्या मतासाठी पाठवा. आमचे रुग्ण पिशवीत ब्लॉक आणि कागद घेऊन अवंतिका एक्सप्रेसने निघतात आणि सकाळी मुंबईत टाटा रुग्णालयाच्या रांगेत उभे राहतात. यासाठी रुग्णाने जाण्याची गरज नसते. घरातले कोणीही गेले तरी चालते.

आता विषाणूबद्दल. इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण ही गोष्ट नीट समजली की उपचारांमागचा विचार आपोआप कळतो.

फ्रीड्रिख मर्केल या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८७५ मध्ये त्वचेतील स्पर्शाशी संबंधित पेशींचे वर्णन केले. रोगाचे वर्णन मात्र जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, सिरिल टोकर यांनी केले. गाठीच्या पेशी मर्केल पेशींसारख्या दिसतात म्हणून पुढे हे नाव पडले. प्रत्यक्षात हा रोग त्याच पेशींतून सुरू होतो का, याबद्दल आज संशोधकांत एकमत नाही, आणि बहुतेकांचा कल ‘नाही’ याच बाजूला आहे. खरी कलाटणी २००८ मध्ये मिळाली. पिट्सबर्ग विद्यापीठात युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांच्या गटाने गाठीतील सगळे जनुकीय संदेश वाचले, त्यांतून माणसाचे म्हणून ओळखता येणारे सगळे वजा केले, आणि उरलेल्यांत एक अनोळखी विषाणू सापडला. तपासलेल्या १० गाठींपैकी ८ मध्ये तो होता. त्याला मर्केल सेल पॉलिओमा विषाणू म्हणतात. पोलिओशी त्याचा काही संबंध नाही. नावाच्या साधर्म्यामुळे माझ्याकडे दोन कुटुंबांनी ‘लहानपणी डोस चुकला होता’ असे काळजीने सांगितले आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

हा विषाणू अगदी छोटा, सुमारे ५,४०० अक्षरांची वर्तुळाकार डीएनए-साखळी असलेला आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या त्वचेवर तो निमूटपणे राहतो. बहुतेक प्रौढांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात. लागण बहुधा लहानपणीच होऊन जाते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. मग तो कर्करोग केव्हा करतो? त्यासाठी दोन अपघात एकामागून एक घडावे लागतात. एक म्हणजे विषाणूचा डीएनए चुकून माणसाच्या गुणसूत्रात घुसून कायमचा चिकटतो. दुसरा म्हणजे विषाणूच्या ‘लार्ज टी’ या प्रथिनाचा शेपटाकडचा भाग तुटतो, आणि त्या भागाबरोबर विषाणूची स्वतःच्या प्रती काढण्याची क्षमताही जाते. म्हणजे गाठीत उरतो तो लंगडा, पुढे न पसरू शकणारा विषाणू. मात्र त्या प्रथिनाचा जो पुढचा भाग शिल्लक राहतो, तोच नेमका घातक असतो, कारण तो पेशीतील ‘आरबी’ नावाच्या प्रथिनाला मिठी मारून बसतो.

आरबी हा पेशीच्या विभाजनाचा ब्रेक आहे. आग्रा–मुंबई रस्त्याने धामनोदकडे घाट उतरताना ब्रेक निकामी झालेल्या ट्रकच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. ब्रेक दोन प्रकारांनी निकामी होऊ शकतो : तार तुटते, किंवा पेडलखाली दगड अडकतो. विषाणूवाल्या मर्केलमध्ये ब्रेक शाबूत असतो, पण लार्ज टी हा दगड त्याखाली अडकलेला असतो. त्याच्या जोडीला ‘स्मॉल टी’ नावाचे दुसरे प्रथिन पेशीला वाढीचा हुकूम देणाऱ्या एमवायसीएल या प्रथिनाला ईपी-४०० या प्रथिनसमूहाशी नेऊन जोडते, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पायही ठेवते. आणि त्याच जोडणीतून पी-५३ या पहारेकऱ्यालाही दाबले जाते. प्रयोगशाळेत अशा पेशींतली ही दोन्ही प्रथिने बंद केली की पेशी वाढायच्या थांबतात आणि मरतात. म्हणजे रोगाला ही परकी प्रथिने टाकून देणे परवडत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती आपल्या कामी येणार आहे.

दुसऱ्या प्रकारच्या मर्केलमध्ये विषाणू नसतोच. तिथे वर्षानुवर्षांच्या उन्हाने, म्हणजे त्यातील अतिनील किरणांनी, डीएनएवर असंख्य ओरखडे काढलेले असतात आणि त्यांत पी-५३ व आरबी यांची जनुकेच मोडलेली असतात. इथे तारच तुटली. विषाणूवाल्या गाठीत जनुकीय बदल फार थोडे असतात, तर उन्हाच्या गाठीत ते कित्येक पटींनी जास्त. अमेरिका आणि युरोपात सुमारे ८० टक्के रुग्ण विषाणूवाले असतात. ऑस्ट्रेलियात, जिथे गोरी कातडी आणि कडक ऊन यांची गाठ पडते, तिथे उन्हाच्या प्रकाराचे प्रमाण बरेच मोठे आहे. आपले सासरे वीस वर्षे माळव्याच्या उन्हात सायकल चालवत होते म्हणून त्यांचा रोग उन्हाचाच, असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. आपल्या कातडीतील रंगद्रव्य बरेच संरक्षण देते, आणि एकट्या माणसाबद्दल प्रमाणावरून काही सांगता येत नाही.

दोन्ही वाटा वेगळ्या असल्या तरी एका ठिकाणी त्या एकत्र येतात, आणि तिथेच उपचाराची किल्ली आहे. विषाणूवाल्या गाठीत परके प्रथिन आहे. उन्हाच्या गाठीत इतके बदल झालेले आहेत की तिची स्वतःची प्रथिनेही शरीराला परकी वाटू लागतात. दोन्हींत रोगप्रतिकारशक्तीला शत्रू दिसतो. म्हणूनच अवयव बदललेल्या, एचआयव्ही असलेल्या किंवा दीर्घकाळचा रक्तपेशींचा कर्करोग असलेल्या लोकांत हा रोग अधिक आढळतो, आणि क्वचित एखादी गाठ बायोप्सीनंतर आपोआप विरल्याच्या नोंदीही आहेत. शरीर लढत असते. गाठ टी-पेशींवरच्या, म्हणजे लढणाऱ्या प्रतिकारपेशींवरच्या, पीडी-१ या कळीला दाबून त्यांना दमवून बसवते, इतकेच.

यातून आपल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे निघतात. नातवंडांना धोका नाही. आजोबांच्या गाठीतला विषाणू पुढे जाऊ शकत नाही, आणि त्वचेवरचा साधा विषाणू मुलांना आजोबांकडूनच नव्हे तर शाळेतून, शेजारातून, कुठूनही मिळालेला असू शकतो, आणि त्याने काही होत नाही. ताट, टॉवेल, मांडी, काहीही वेगळे करू नका. ७१ वर्षांच्या माणसाला आजारापेक्षा ते जास्त लागते. हा रोग घराण्यात चालत येणाराही नाही. दुसरे, गाठीतील विषाणूची तपासणी : एका प्रतिपिंडाच्या रंगाने ती करता येते, आणि विषाणू नसलेल्या गाठी काहीशा अधिक आक्रमक असतात असे दिसते, पण आज त्या उत्तरावरून उपचार बदलत नाहीत. प्रयोगशाळेत सहज होत असेल तर करा, त्यासाठी वेगळा खर्च किंवा एक आठवडाही घालवू नका.

आता खरे काम. पेट-सीटी स्कॅन पुढच्या काही दिवसांत व्हावा. त्यात दोन गोष्टी पाहायच्या असतात : फुप्फुसात मूळ रोग लपलेला नाही ना, आणि कानापुढच्या लाळग्रंथीत किंवा मानेत रोग पोचला आहे का. गालातल्या लसिकेचा, म्हणजे पेशींभोवतालच्या पातळ द्रवाचा, निचरा तिथेच होतो. मानेतल्या लसिकाग्रंथी, म्हणजे घरात ज्यांना आपण अवधाण म्हणतो, हाताला लागत नसतील आणि स्कॅनमध्येही दिसत नसतील, तरी निश्चिंत होता येत नाही. अशा रुग्णांपैकी जवळजवळ एक तृतीयांशांच्या ग्रंथींत सूक्ष्म रोग सापडतो. म्हणून सेंटिनेल नोड बायोप्सी करतात : गाठीच्या जागी किरणोत्सारी द्रव्य आणि निळा रंग टोचून, निचऱ्याच्या वाटेवरची पहिली ग्रंथी शोधून तेवढीच काढायची. ही तपासणी शक्यतो जागेची दुसरी शस्त्रक्रिया करण्याआधी किंवा तिच्यासोबतच व्हायला हवी, कारण मोठी शस्त्रक्रिया आणि कातडीची जुळवाजुळव झाल्यावर निचऱ्याच्या वाटा बदलतात. चेहऱ्यावर त्या मुळातच थोड्या बेभरवशाच्या असतात. तरीही मी ती करून घेण्याच्या बाजूचा आहे. तिच्या उत्तरावरून मानेला किरणोपचार द्यायचे का हे ठरते, आणि अंदाजाने दिलेल्या उपचारापेक्षा ते बरे.

दुसऱ्या शस्त्रक्रियेत जागेभोवतीची एक ते दोन सेंटिमीटर चांगली दिसणारी कातडी खोलवर काढावी असा नियम आहे. पाठीवर किंवा मांडीवर तो सहज पाळता येतो. गालावर, पापणीच्या आणि ओठाच्या जवळ, दोन सेंटिमीटर म्हणजे अर्धा चेहरा. हा रोग किरणांना फार लवकर दाद देतो, त्यामुळे चेहऱ्यावर थोडी कमी कड घेऊन पुढे किरणोपचारांवर भिस्त ठेवणे हा वाजवी मार्ग आहे. मोठी प्लास्टिक सर्जरी करून तीन महिने जखम भरण्याची वाट पाहण्यापेक्षा, लहान शस्त्रक्रिया आणि वेळेवर किरणोपचार हे मला जास्त पटते. किती कापावे हा निर्णय मात्र प्रत्यक्ष चेहरा पाहणाऱ्या सर्जनचा. तो मी पत्रावरून घेऊ नये आणि आपणही माझ्याकडून घेऊ नये.

आपल्याकडे लोक ज्याला ‘सिकाई’ म्हणतात, ते किरणोपचार आपल्या सासऱ्यांना लागतीलच असे मी आजच गृहीत धरतो, कारण कड स्वच्छ नव्हती आणि जागा चेहऱ्याची आहे. कड स्वच्छ असेल तर साधारण ५० ते ५६ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसाचे माप), कडेला सूक्ष्म रोग असेल तर ५६ ते ६० ग्रे, असा डोस आठवड्यातून पाच दिवस पाच-सहा आठवडे दिला जातो. जखम भरली की लगेच सुरुवात व्हावी. त्याआधी दाताच्या डॉक्टरांना दाखवून हलणारे, किडलेले दात काढून घ्यावेत. किरणांनंतर जबड्याच्या त्या भागात दात काढणे त्रासाचे होते. तोंड कोरडे पडते, गालाची कातडी काळवंडते आणि सोलते. हे बहुतांशी तात्पुरते असते आणि बहुतेक वयस्क माणसे ते सोसतात.

केमोबद्दल माझा स्वतःचा धडा सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गृहस्थांच्या मानेत मर्केलच्या मोठ्या गाठी होत्या. मी सिस्प्लॅटिन आणि एटोपोसाइड दिले. तेव्हा तेच दिले जाई. तीन आठवड्यांत गाठी लोण्यासारख्या वितळल्या. त्यांचा मुलगा माझ्यासाठी पेढे घेऊन आला, आणि मीही ते आनंदाने खाल्ले. पाचव्या महिन्यात गाठी परत आल्या, पहिल्यापेक्षा मोठ्या, आणि त्यानंतर कोणत्याच औषधाने त्या हलल्या नाहीत. नंतर जगभरचे आकडे वाचले तेव्हा कळले की हे माझ्याच रुग्णाचे नशीब नव्हते. या रोगात केमोने अर्ध्याहून अधिक रुग्णांच्या गाठी लहान होतात, पण तो लाभ सरासरीने तीन-चार महिनेच टिकतो. शिवाय केमो त्याच प्रतिकारपेशींना झोडपते, ज्यांची आपल्याला गरज असते. म्हणून आज माझ्या यादीत केमो शेवटी येते : इम्युनोथेरपी चालत नाही, मिळत नाही किंवा हरली, तेव्हा.

इम्युनोथेरपीची औषधे पीडी-१ किंवा तिच्या जोडीदार पीडी-एल१ वरचा दाब काढून दमलेल्या टी-पेशींना पुन्हा कामाला लावतात. २०१६ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅबचा पहिला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पसरलेल्या रोगाच्या, आधी केमो न घेतलेल्या २५ रुग्णांपैकी १४ जणांच्या गाठी कमी झाल्या. विषाणूवाल्या १६ पैकी १० आणि विषाणू नसलेल्या ९ पैकी ४ अशी ती विभागणी होती, म्हणजे दोन्ही प्रकारांत औषध चालले. मघाशी मी विषाणूच्या तपासणीची घाई नको म्हटले, त्याचा आधार हाच. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेत ॲव्हेल्युमॅब हे या रोगासाठी मान्यता मिळालेले पहिले औषध ठरले. केमो हरलेल्या ८८ रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांशांत त्याने गाठी आक्रसल्या. केमोपेक्षा या टक्केवाऱ्या फार मोठ्या दिसत नाहीत, हे मला कबूल आहे. फरक टिकण्यात आहे : ज्यांना गुण येतो, त्यांतल्या अनेकांचा तो वर्षानुवर्षे राहतो. गाठीला ती परकी प्रथिने टाकून पळता येत नाही, हे मी वर लिहिले होते; विषाणूवाल्या प्रकारात टिकण्याचे एक कारण बहुधा तेच असावे.

तर मग आपल्या सासऱ्यांना ती लगेच द्यावी का? स्कॅनमध्ये रोग दूरवर पसरलेला दिसला, तर होय, पहिला उपचार तोच. रोग गालापुरता किंवा मानेतल्या एखाद्या ग्रंथीपुरता निघाला, तर प्रश्न अवघड आहे. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये शस्त्रक्रियेनंतर निव्होल्युमॅब देऊन पाहिले गेले : दोन वर्षांनी औषध घेतलेल्यांत ८४ टक्के आणि न घेतलेल्यांत ७३ टक्के लोक रोगमुक्त होते. फरक आहे, पण जे ७३ औषधाविना ठीक राहिले, त्यांना ते देऊन दुष्परिणामच मिळाले असते. शस्त्रक्रियेआधी दोन डोस देण्याचाही प्रयोग झाला आहे, आणि नंतर शस्त्रक्रिया झालेल्या ३६ जणांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या काढलेल्या भागात रोगच उरला नव्हता. जागा अवघड आणि गाठ मोठी असेल तर मी त्या वाटेचा विचार करतो. आपल्या प्रसंगी गाठ तर निघाली आहे. मानेत रोग नसेल तर मी शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि कडक देखरेख एवढ्यावर थांबेन.

ही औषधे सौम्य आहेत असा एक समज आहे, तो अर्धाच खरा आहे. केस सहसा जात नाहीत, उलट्याही सहसा होत नाहीत. पण जागी झालेली प्रतिकारशक्ती कधी थायरॉइडवर, कधी आतड्यावर, यकृतावर, फुप्फुसावर धावून जाते. जुलाब, नवा खोकला, धाप, अचानक वाढलेली साखर किंवा कमालीचा थकवा यांतले काही झाले तर त्याच दिवशी कळवावे लागते, आणि वेळेवर स्टेरॉइड दिले तर बहुधा निभावते. म्हणूनच आजाराचे नाव बाबांपासून लपवू नका. ज्याला आपल्याला काय झाले आहे हेच ठाऊक नाही, तो जुलाबाचा दोष सराफ्यातल्या, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीतल्या, खाण्याला देतो आणि चार दिवस गप्प बसतो. सुरुवातीआधी थायरॉइड, साखर, यकृत, हिपॅटायटिस बी व सी आणि एचआयव्ही तपासावे, क्षयाचा इतिहास सांगावा. आणि सांधेदुखीसाठी ते कोणाकडून पुड्या घेत असतील तर त्या पुड्या डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. अशा पुड्यांत स्टेरॉइड निघाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे, आणि स्टेरॉइड म्हणजे याच प्रतिकारशक्तीवर झापड.

खर्चाचे बोलायलाच हवे. नेहमीच्या डोसात या औषधांचा खर्च लाखांच्या घरात जातो. टाटा रुग्णालयाने डोके व मानेच्या कर्करोगात तोंडाने घ्यायच्या कमी डोसाच्या औषधांच्या जोडीला केवळ २० मिलिग्रॅम निव्होल्युमॅब दर तीन आठवड्यांनी देऊन पाहिले, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेले. तो अभ्यास मर्केलवरचा नाही. तरीही पूर्ण डोस परवडतच नसेल, तर काहीच न देण्यापेक्षा हा मार्ग रुग्णाशी आणि घरच्यांशी स्पष्ट बोलून मी विचारात घेतो. सासऱ्यांचे वय ७० च्या वर असल्याने उत्पन्न काहीही असले तरी त्यांना आयुष्मान योजनेचे वर्षाला ५ लाखांचे कार्ड मिळू शकते. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार त्यात बसतात का, आणि इम्युनोथेरपीचे काय, हे रुग्णालयातल्या ‘आयुष्मान मित्रा’ला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, उपचार सुरू होण्याआधी विचारा. नंतर विचारून उपयोग होत नाही.

आपण आकडा विचारला नाही, पण कोणीतरी तो मोबाइलवर शोधून घरात सांगेलच. अमेरिकेतील ९ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींत, रोग जागेपुरता असताना पाच वर्षे जगणारे ५१ टक्के, ग्रंथींपर्यंत असताना ३५ आणि दूर पसरला असताना १४ टक्के होते. हे वाचून घाबरण्याआधी दोन गोष्टी ध्यानात घ्या. त्या नोंदी १९९८ ते २०१२ या काळातल्या, म्हणजे इम्युनोथेरपी येण्याआधीच्या आहेत. आणि त्यांत पंचाहत्तरीच्या माणसांचे हृदयविकाराने, पक्षाघाताने झालेले मृत्यूही मोजलेले आहेत.

उपचार संपल्यावर पहिली तीन वर्षे दर तीन महिन्यांनी यायला हवे. रोग परतायचा असेल तर बहुतांशी याच काळात परततो. आंघोळीनंतर बाबांनी किंवा आपल्या यजमानांनी कानापुढचा भाग, जबड्याखालची आणि मानेची डावी बाजू बोटांनी चाचपून पाहण्याची सवय लावावी. परतलेल्या रोगालाही उपचार असतो. एखादी गाठ त्रास देत असेल तर किरणांच्या एकाच बैठकीतल्या ८ ग्रेच्या डोसाने ती पुष्कळदा बसते.

राहिला प्रश्न मुंबई की इंदूर. ब्लॉक मुंबईला जावा, आणि जमल्यास योजनाही तिथल्या त्वचा-कर्करोग पाहणाऱ्या गटाकडून एकदा ठरवून घ्यावी. त्यांनी आमच्यापेक्षा जास्त मर्केल पाहिलेले असतात. सेंटिनेल बायोप्सी जिथे नेहमी केली जाते तिथे करावी, मग ते इंदूर असो वा मुंबई. ‘महिन्यातून अशा किती करता?’ असे सर्जनला विचारण्यात काही गैर नाही. पाच-सहा आठवड्यांचे किरणोपचार मात्र इंदुरातच घ्यावेत. यंत्रे इथे आहेत, आणि रोज संध्याकाळी स्वतःच्या अंथरुणावर परतणारा रुग्ण धर्मशाळेतल्या रुग्णापेक्षा जास्त नीट जेवतो. पेट स्कॅनची वेळ घेण्यासाठी उद्या सकाळीच फोन करा, आणि त्याच फेरीत प्रयोगशाळेतून ब्लॉक घेऊन या.